पाऊसबाजूच्या फळ्या

वरसे येथे आमच्या घरासमोर एक नवे घर उभे राहत आहे. ज्येष्ठ सरत आला, आकाशाने दोनदा गर्जून पाहिले, आणि त्याच लगबगीत कामगारांनी काल त्या घराच्या पश्चिमेकडील भिंतीवर लाकडी फळ्या बसवण्यास आरंभ केला. मी ओसरीवर सायंसंध्येस बसलो होतो. पळी-पंचपात्र मांडून झाले होते, आचमन व्हायचे होते. इतक्यात वाऱ्याबरोबर नुकत्याच रंधा मारलेल्या सागाचा आणि तेलाचा वास आला, आणि माझे चित्त जे उडाले ते परत आसनावर येईना. देवाची क्षमा मागितली, काठी घेतली आणि रस्ता ओलांडून सरळ त्या भिंतीपाशी जाऊन उभा राहिलो. या वयात मनुष्याला असे उठून धावण्याची कारणे फार थोडी उरतात. जे मिळाले ते प्रसादासारखे घ्यावे.

माझी नात गार्गी वास्तुरचनाकार आहे आणि ते घर तिच्याच आराखड्याने बांधले जात आहे. मला पाहून ती म्हणाली, "आजोबा, चप्पल तरी घालायची होती." मग आवाज खाली आणून तिने आपली अडचण सांगितली. घरमालकांना धीर धरवत नव्हता. शेजारीपाजारी त्यांना रोज सांगत होते की कोकणातल्या पावसात लाकूड टिकायचे नाही, चार वर्षांत कुजेल, त्यापेक्षा सिमेंटचे पत्रे ठोका. "तुम्ही तर अनुभवलं आहे, टिकतंच ना हो इथे लाकूड?" तिने विचारले.

"टिकते," मी म्हणालो, आणि ते इतक्या मोठ्याने म्हणालो की शिडीवरच्या कारागिराने मान वळवून पाहिले.

रात्रभर मनात पेणजवळच्या रामवाडीतला तो एक पावसाळा घोंगावत राहिला. आज सकाळी स्नानसंध्या आटोपून लिहावयास बसलो आहे.

आमच्या या भूमीत लाकडाची जेवढी परीक्षा होते तेवढी क्वचितच कुठे होत असेल. वैशाखात फळी अशी तापते की तिच्यावर तळहात ठेववत नाही. तिच्यातला ओलावा उन्हाने शोषला जातो, ती आकसते, तिच्या टोकांना बारीक चिरा जातात. मग मृगापासून हस्तापर्यंत पाणी. तेही वरून सरळ पडणारे नव्हे, पश्चिमेकडून आडवे येऊन भिंतीला भिडणारे. झड लागली की चार-चार दिवस भिंतीचे ते अंग कोरडे होत नाही. तीच आकसलेली फळी आता पाणी पिऊन फुगते. पेणच्या बाजूला त्यात खाडीचा खारा वारा मिसळतो आणि तो लोखंडी खिळ्याला काही पावसाळ्यांतच खाऊन टाकतो. पाऊस ओसरतो न ओसरतो तो पहाटेचे दव, आणि खालून, मातीतून, वाळवी. एका वर्षात लाकडाला जणू तीन देशांचे हवामान भोगावे लागते. तितिक्षा हा शब्द मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे शिकवला. शीत आणि उष्ण, सुख आणि दुःख समभावाने सोसणे, असा अर्थ फळ्यावर लिहून देत असे. त्या शब्दाला जे रूप आहे ते मला प्रथम रामवाडीत दिसले.

तेव्हा देश स्वतंत्र होऊन पंधरा-वीस वर्षे झाली असतील. पेणजवळच्या जित्यावरून रेल्वे धावू लागायला अजून पुष्कळ अवकाश होता. मी पेणच्या एका शाळेत संस्कृत शिकवीत होतो आणि रामवाडीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. शेजारी सुमनबाईंचा गणपतीचा कारखाना होता. कारखाना म्हणजे कौलारू लांबट शेड, आत फळ्यांच्या मांडण्या, कोपऱ्यात भिजत घातलेली शाडू माती, आणि आषाढापर्यंत एकामागून एक रांगेने येऊन बसणारे गजानन.

सुमनबाईंचे यजमान आदल्या हिवाळ्यात गेले होते. माती मळण्यापासून मूर्तीचे डोळे आखण्यापर्यंत सारी विद्या बाईंच्या हातात होती. अडचण होती ती जागेची. ती दोघा भावांची. धाकटे दीर वसंतराव स्वभावाने वाईट नव्हते, पण एकट्या बाईमाणसाने हा पसारा कशाला ओढावा असे त्यांना मनापासून वाटे, आणि शेड कोठारासाठी मागणारे एक गृहस्थ त्यांच्या मागे लागले होते. शेवटी घरात असे ठरले की हा एक हंगाम वहिनींनी चालवून दाखवावा. चतुर्थीपर्यंत मूर्ती धडपणे वाळून, रंगून लोकांच्या घरी गेल्या तर कारखाना राहील. नाहीतर शेडला कुलूप.

शाडूची मूर्ती कोणी भाजत नाही. ती सावलीत, वाऱ्यावर, आपल्या गतीने वाळते. आणि नेमक्या पावसाळ्यातच तिला वाळायचे असते. ओल्या ऋतूत ओली माती वाळवण्याचे हे साहस पेणकरांनी पिढ्यान्‌पिढ्या केले आहे. त्या शेडची पश्चिमेची भिंत मात्र कुडाची होती, म्हणजे कारवीच्या काठ्यांवर माती लिंपलेली. यजमान दर वर्षी तिला बाहेरून झावळ्यांचे झाप बांधीत. श्रावणापर्यंत झाप कुजत, भिंत पाणी पिऊ लागे, आणि तिच्या लगतच्या मांडणीवरच्या मूर्ती हमखास बिघडत. आजवर ते चालून गेले. त्या वर्षी एकही मूर्ती बिघडू देणे बाईंना परवडणारे नव्हते. म्हणून त्यांनी मनाशी ठरवले की या वेळी झाप नाहीत. पाऊसबाजूला लाकूड चढवायचे.

ते लाकूड आणले हिराजीने. हिराजी अंतोऱ्याच्या बंदराकडे होड्या आणि मचवे दुरुस्त करणारा सुतार. एक जुना मचवा मोडीत निघाला होता, त्याच्या सागवानी फळ्या त्याने बैलगाडीतून आणल्या. आयुष्यभर खारे पाणी प्यालेले ते लाकूड काळसर, जड, आणि रंधा फिरवताच आतून मधासारखे पिवळे. मी हरखून गेलो. नारळ, भात, मीठ वाहून थकलेल्या त्या फळ्या आता गजाननाच्या द्वारी सेवेला उभ्या राहणार या कल्पनेने माझे डोळे भरून आले, आणि कोणी सांगितले नसता घरी जाऊन हळदकुंकू-अक्षता घेऊन आलो.

हिराजीने आधी भिंतीवरून हात फिरवला आणि बाईंना विचारले, "हिला पानी लागतंय कुठनं?"

बाई म्हणाल्या, "पश्चिमेकडनं."

"मंग पश्चिम म्हंजे दर्या," तो म्हणाला आणि कामाला लागला.

या एका वाक्यात त्या पावसाळ्याचे सारे संकट बसलेले होते, पण आम्हाला ते कसे कळावे? हिराजीने ती भिंत मचव्यासारखी बांधली. कुडाला चिकटवून फळ्या बसवल्या, फळीला फळी घट्ट भिडवली, लोखंडी खिळे टाळून लाकडी खुंट्या मारल्या, आणि राळ-तेलात भिजवलेल्या कापसाच्या वाती प्रत्येक सांध्यात ठोकून ठोकून भरल्या. वरून माशाचे तेल द्यायचा त्याचा बेत होता. सुमनबाईंनी नाक मुरडले. "गणपतीच्या घराला म्हावऱ्याचा वास? खाली बसलेला उंदीर तेवढा खूश होईल." शेवटी उंडीच्या बियांच्या तेलावर तडजोड झाली. काम पुरे झाले तेव्हा डोळे मिटून त्या भिंतीवरून तळहात फिरवला तरी सांधा कोठे आहे ते समजत नव्हते.

आणि मग झड आली. आम्ही सारे आत उभे राहून ऐकत होतो. बाहेर फळ्यांवर पाण्याचा मारा असा वाजत होता की मृदंगाच्या साथीला कोणी ताशे बसवावेत. आत भिंत कोरडी. सुमनबाईंनी कोनाड्यातून गूळखोबरे काढून सर्वांच्या हातांवर ठेवले. मी त्या आनंदात वर्गात जाऊन मुलांशी पूर्ण तास लाकडाविषयी बोललो. रूपे चालवायची होती ती राहिली. लाकडाला आपल्या परंपरेत किती मान आहे! यज्ञातील समिधा लाकडाची, अग्नी मंथून काढायची अरणी लाकडाची, पुरीचा जगन्नाथ स्वतः लाकडाचा. वृक्ष तोडण्यापूर्वी त्याची अनुज्ञा मागावी, त्यावर राहणाऱ्या भूतांना अन्यत्र जाण्याची विनंती करावी, असे सांगणारे लोक लाकडाला निर्जीव कसे मानतील?

निर्जीव नव्हतेच ते. पंधरवड्यात त्याने ते दाखवून दिले. भिंतीच्या आतल्या अंगाला प्रथम घामासारखे बारीक थेंब दिसले, मग पांढरी बुरशी. बाहेरून पाण्याचा थेंबही येत नव्हता हे तर उघड होते. पण जमिनीतून चढणारी ओल, आणि शेकडो ओल्या मूर्तींच्या अंगातून सुटणारी वाफ, हे सारे त्या कुडात शिरत होते आणि तिथेच कोंडून राहत होते. मांडणीवरच्या मूर्तीच्या पोटावर बोट टेकवले तर बोटाचा ठसा उमटे. आषाढ अर्धा झाला होता. श्रावणात रंग लागला नाही तर चतुर्थीला काय द्यायचे? सुमनबाई फक्त मूर्ती एका मांडणीवरून उचलून दुसरीवर ठेवीत आणि पुन्हा तिथून उचलीत.

त्याच सुमारास एके दुपारी बंदुकीसारखा आवाज झाला. फुगलेल्या फळ्यांना सरकायला जागा नव्हती. त्यांनी एकमेकींना रेटले आणि मधली एक फळी खुंट्या उपटून धनुष्यासारखी बाहेर आली. वसंतराव पाहायला आले. छत्री मिटून त्यांनी भिंतीची पाहणी केली आणि म्हणाले, "वैनी, आता एक शीड तेवढं लावून घ्या. गणपती विसर्जनाला आपले आपण जातील." तिथे जमलेल्यांत हसू पसरले. हिराजी हसला नाही. त्याने पिशवीतून आणखी वाती काढल्या. त्याच्या अनुभवात सांधा फुटला तर उपाय एकच होता.

त्या क्षणाचे स्मरण झाले की आजही माझे मन उत्कंठेने भरून येते. सुमनबाई एक मोठी मूर्ती मांडीवर आडवी घेऊन आतून कोरीत होत्या. शाडूची मूर्ती आतून पोकळ असते, बैठकीखाली उघडी. त्यांनी हात थांबवला, मूर्तीकडे पाहिले, भिंतीकडे पाहिले, आणि हिराजीला हाक मारली.

"हिराजीभाऊ, इकडं ये. हात घाल आत."

त्याने संकोचाने मूर्तीच्या पोकळीत हात घातला.

"ही पोकळ कशाला ठेवतो आम्ही? माती वाचावी म्हणून नाय. बाहेरनं वाळली आणि आतनं ओली राहिली तर फुटते. दोन्ही अंगांनी वारा लागला की काय होत नाय तिला. तुझ्या फळ्यांना मागनं वारा कुठाय?"

हिराजीने हात बाहेर काढला. मग म्हणाला, "मचव्याला फट ठेवली तर मचवा बुडतो, वयनी."

"व्हय. पण ही भिंत पोहत नाय."

तो खाली बसला. हातातल्या वातींकडे पाहत म्हणाला, "आजवर सांधा बुजवायला शिकलो. मोकळा ठेवायचं मनाला पटत नाय गो."

मचवा सदैव पाण्यात असतो. त्याचे लाकूड एकदा फुगले की फुगलेलेच राहते आणि त्या फुगण्यानेच सांधे मिटतात. भिंतीचे तसे नाही. ती झडीत भिजते, उघडिपीत वाळते. तिच्या लाकडाला रोज थोडे वाढायचे असते आणि थोडे आवरायचे असते. हे आता मी सहज लिहितो आहे; तेव्हा आम्ही तिघे त्या शेडमध्ये उभे राहून तुकड्यातुकड्याने ते जुळवीत होतो, आणि एकेक तुकडा जुळला की माझ्या अंगावर रोमांच उभे राहत. एखादे अवघड सूत्र उलगडताना विद्यार्थिदशेत जे होई, अगदी तेच.

पण उमजणे वेगळे आणि करणे वेगळे. फळ्या काढायच्या म्हणजे भर आषाढात मातीची भिंत पावसापुढे उघडी करायची. तास-दोन तास झड लागली तर कूड विरघळून खाली येईल आणि मूर्ती, हंगाम, कारखाना, सारे त्याबरोबर. उघडीप मिळण्याची आम्ही वाट पाहिली. एका सकाळी पश्चिमेला निळे दिसले. हिराजी पहिली खुंटी काढण्यापूर्वी भिंतीला नमस्कार करून थांबला. मी मनातल्या मनात अथर्वशीर्ष सुरू केले.

फळ्या निघाल्या. कुडावर उभ्या पट्ट्या ठोकल्या गेल्या, म्हणजे फळ्या आणि भिंत यांत बोटभर-दोन बोटे पोकळी राहावी. खालून वर, कौलांसारखी, एका फळीवर दुसरीची कड चढवीत काम चालले. या खेपेस खुंट्या केवळ वरच्या कडेला, खालची कड मोकळी. मध्यापर्यंत आलो आणि आभाळ भरून आले. ताडपत्री होती, ती ताणून धरायला माणसे पुरेनात. वसंतराव गंमत पाहायला आलेच होते. हिराजी शिडीवरून ओरडला, "शेट, बघताय काय नुसतं? धरा की ते टोक." आणि वसंतरावांनी धरले. पाऊस कोसळला. ताडपत्रीच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला ते. पाणी कोपरांवरून थेट धोतरात. त्यांनी एकदाही टोक सोडले नाही. एकदाच माझ्याकडे वळून म्हणाले, "गुरुजी, तुमचा मंत्र जरा जोरात म्हणा, इथं काय ऐकू येत नाय."

मी मोठ्याने म्हणू लागलो. शिडीखालून सुमनबाई म्हणू लागल्या. हिराजीला येत नव्हते, तो खुंट्यांच्या ठोक्यांवर ताल धरीत होता.

मागच्या वर्षी गार्गी मला मोटारीने पेणला घेऊन गेली होती, त्या वेळी ती भिंत पुन्हा पाहिली. मागचा कूड जाऊन तिथे आता विटा आल्या आहेत, फळ्या मात्र बहुतेक त्याच. उन्हाने आणि पावसाने त्यांचा पिवळेपणा केव्हाच नेला. त्या आता भस्म लावलेल्या अंगासारख्या राखाडी दिसतात. जमिनीलगतच्या दोन बदलल्या आहेत, कारण उसळणारे शिंतोडे तिथे सर्वांत जास्त. फळ्यांच्या कापलेल्या टोकांना दर वर्षी वैशाखात तेल पाजले जाते. लाकूड पाणी पिते ते मुख्यतः टोकांनीच, हे तिथले सर्वांना ठाऊक आहे. गार्गीने नखाने फळी टोकरून पाहिली. राखाडी पापुद्र्याखाली लाकूड टणक होते. ती म्हणाली की वरचा हा करडा थरच आतल्या लाकडाचे उन्हापासून रक्षण करतो, आणि त्यांच्या अभ्यासातही भिंत आणि फळी यांत वाऱ्याची वाट ठेवावी असेच सांगतात. हिमाच्या देशांतही तेच आणि वाळवंटातही तेच. मी ऐकत राहिलो. मला वाटले होते की तितिक्षा म्हणजे अभेद्य राहणे. त्या फळ्या तर रोज भिजत होत्या. आलेले पाणी धरून न ठेवणे, एवढेच त्या करीत होत्या.

फळ्या पुन्हा चढवल्या त्या सायंकाळी पाऊस थांबल्यावर हिराजीने मला बोलावले आणि माझा हात धरून सर्वांत खालच्या फळीखाली नेला. पोकळीच्या तोंडाशी तळहात धरला. खालून वर वारा चढत होता. बारीक, गार, अखंड. भिंत श्वास घेत होती. मी तसाच ओणवा किती वेळ राहिलो कोण जाणे. वसंतरावही वाकले, त्यांनीही हात लावून पाहिला आणि धोतर पिळीत निघून गेले.

पुढचे दिवस उत्सवाचे होते. बुरशी सुकून झडली. मूर्तींचा करडेपणा फिकट होत पांढरा झाला, टिचकीचा आवाज बद्द येई तो खणखणीत येऊ लागला. श्रावणाच्या आरंभी रंग निघाले. वसंतराव रोज काही निमित्ताने डोकावत, कधी कौल पाहायला, कधी उंबरठा. सुमनबाई डोळे आखायला बसल्या त्या दिवशी ते दारातच उभे राहिले. डोळे आखताना कोणी बोलत नाही. बाईंनी श्वास रोखून कुंचला टेकवला, एक रेष ओढली, आणि तोवर मातीचे असलेले ते मुख आमच्याकडे पाहू लागले. वसंतरावांनी नकळत चपला काढल्या.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी पाऊस होताच. लोक पाट घेऊन येत, मूर्तीचे मुख वस्त्राने झाकीत आणि मोरयाच्या गजरात निघून जात. वसंतराव छत्री घेऊन प्रत्येकाबरोबर रस्त्यापर्यंत जात होते, पाय जपून टाका म्हणून दटावीत होते. तिसऱ्या प्रहरी शेवटचे गजानन गेले. शेड रिकामी झाली आणि एकदम मोठी वाटू लागली. ठरल्याप्रमाणे आता निर्णय व्हायचा होता. तो विषय काढण्याचे धाडस कोणाला होत नव्हते. हिराजी उगाच आपली हत्यारे पुन्हा पुन्हा पुसत होता.

सुमनबाईंनी बादलीत रंगाचे हात धुतले, पदराला पुसले आणि मला विचारले, "गुरुजी, पुढल्या साली माती मळायला मुहूर्त कधीचा धरायचा?"

प्रश्न मला होता, पण त्यांचे कान दिराकडे लागले होते. मीही त्यांच्याकडेच पाहिले. वसंतराव छत्रीचे पाणी झटकीत होते. ते झटकून झाल्यावर त्यांनी मान वर केली.

"गुरुजी, गप्प का? वैनी विचारतायत ना," ते म्हणाले. "चैत्रातलाच बघा. यंदा उशिरा हात लागला म्हणून सगळी धावपळ झाली."

चैत्राचे पंचांग तेव्हा छापूनही झाले नव्हते. पंचांगावाचून मी आजवर कोणाला मुहूर्त सांगितला नव्हता. पण मी तिथेच, रिकाम्या मांडणीवर बसलो आणि बोटांच्या पेरांवर तिथी मोजू लागलो. आणि माझे गणित होईपर्यंत ते तिघेही माझ्याभोवती वाट पाहत उभे राहिले.